खाटेचा विमा आणि गोळीचा हक्क

पंचावन्नी ओलांडलेल्या नोकरदारांत निवृत्तीनंतरच्या आजारपणाचा विषय निघाला की अलीकडे एक उत्तर हमखास ऐकू येते : सत्तरी गाठली की सरकारचे पाच लाखांचे कार्ड आहेच. उत्तर खोटे नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी तसा निर्णय घेतला, २९ ऑक्टोबरला योजना सुरू झाली आणि आयुष्मान भारत योजनेखाली सत्तरी पूर्ण केलेल्या कोणालाही, मग तो बंगलेवाला असो की निराधार, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढण्याची सोय झाली. आधारवरचे वय हाच पुरावा. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आधी वैद्यकीय तपासणी होत नाही आणि जुन्या दुखण्यासाठी थांबावे लागत नाही. कार्ड निघाले त्या दिवसापासून वीस वर्षे मधुमेह असलेल्याची हृदयशस्त्रक्रियाही त्यात बसते. खासगी विमा कंपन्या सत्तरीच्या माणसाला कोणत्या अटी घालतात हे ज्यांनी वाचले आहे त्यांना या तरतुदीचे मोल सांगायला नको. तरीही या कार्डावर विसंबून नोकरीची शेवटची पाच वर्षे निश्चिंत काढणे चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. वयामुळे मिळणारे कवच रुग्णालयाच्या खाटेपुरते असते. म्हातारपणी रोज लागणाऱ्या गोळीपर्यंत जे हक्क पोहोचतात ते बहुतांशी नोकरीतून येतात, आणि ते नोकरीत असतानाच पदरात पाडून घ्यावे लागतात.

खाट आणि गोळी यांतला फरक एका उपचारातच दिसतो. सत्तरीच्या गृहस्थांच्या छातीत कळ आली, योजनेतल्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांतल्या तपासण्या, शस्त्रक्रिया, खाट, जेवण आणि घरी सोडल्यानंतरची पंधरा दिवसांची औषधे एवढे सगळे आयुष्मान योजनेत येते. सोळाव्या दिवसापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी, दर काही महिन्यांनी रक्त तपासणी, ईसीजी आणि डॉक्टरांची फी ही सगळी घरच्या पैशांतून. त्यांतल्या बहुतेक गोळ्या वर्षानुवर्षे, काही तर आयुष्यभर घ्यायच्या असतात आणि त्या पैशाअभावी बंद झाल्या तर स्टेंटवर झालेला सरकारी खर्चही पाण्यात जाऊ शकतो. हा काही क्वचित घडणारा प्रकार नव्हे. वार्धक्याचा अभ्यास करणारी ‘लासी’ ही देशव्यापी पाहणी २०१७-१८ साली झाली. तिच्यानुसार साठीपुढच्या शंभरांतल्या सुमारे पंचाहत्तर जणांना एक ना एक दीर्घकालीन आजार आहे आणि कोणताही आरोग्य विमा असलेले मात्र शंभरांत अठराच. सत्तरीनंतरच्या कार्डाने यांतला दुसरा आकडा नक्कीच वाढेल. पण ज्या खर्चाने महिन्याच्या महिन्याला पेन्शन पोखरली जाते त्या खर्चाला हे कार्ड हात लावत नाही. ते त्यासाठी बनवलेलेच नाही.

आता गोळीपर्यंत पोहोचणाऱ्या योजनांकडे पाहू. त्यांत सगळ्यांत दुर्लक्षित आहे ती कारखान्यातल्या, दुकानातल्या, छोट्या कंपनीतल्या माणसाची : राज्य कामगार विमा, म्हणजे आपल्या बोलण्यातले ‘ईएसआय’. १९४८ च्या कायद्याने ती आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. वीस हजारांवर कामगाराचे दीडशे, मालकाचे साडेसहाशे. ही कपात पगारपत्रकावर पाहून ‘फुकट जातात पैसे’ म्हणणारे कामगार पुष्कळ आहेत, आणि तरुणपणी तसे वाटणे साहजिकही आहे. पण याच योजनेच्या नियमांत एक असा हक्क आहे की ज्याच्या तोडीचे काही बाजारात विकत मिळत नाही. निदान पाच वर्षे विमाधारक राहून जो कामगार वयोमानानुसार किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडतो, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. महिन्याला दहा रुपये, तेही दोघांचे मिळून. त्यात दवाखान्यातली तपासणी आली, औषधे आली, ईएसआयचे रुग्णालयही आले. मुलुंड, अंधेरी, चिंचवड, सातपूरच्या परिसरात ज्यांची हयात गेली त्यांना हे दवाखाने ठाऊक आहेत. निवृत्तीनंतर तिथला केसपेपर आपल्या नावाने चालू राहू शकतो हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

या हक्काला एक फट आहे, आणि तिच्यातूनच माणसे निसटतात. निवृत्तीच्या वेळी माणूस विमाधारक असायला हवा. समजा छप्पन्नाव्या वर्षी, जुलै महिन्यात, पगार २०,६०० वरून २१,३०० झाला. वर्गणीचा सहामाही काळ एप्रिल ते सप्टेंबर असतो, म्हणून सप्टेंबरपर्यंत कपात चालू राहते आणि त्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो. मग नाव गळते. दोन वर्षांनी तो निवृत्त होतो तेव्हा वीस-पंचवीस वर्षे भरलेली वर्गणी त्याच्या म्हातारपणाच्या कामाची राहत नाही. सातशे रुपयांच्या पगारवाढीने आयुष्यभराचा दवाखाना गेला, आणि ज्याचा गेला त्याला त्या दिवशी पगारवाढीचा आनंदच झाला होता! हा अन्याय ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाच्याही लक्षात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महामंडळाने ठरवले, की १ एप्रिल २०१२ नंतर निदान पाच वर्षे विमाधारक असलेला, पुढे मर्यादा ओलांडल्यामुळे बाहेर गेलेला, पण ३०,००० रुपयांच्या आतल्या पगारावर १ एप्रिल २०१७ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त झालेला कामगारही या लाभात घ्यावा. अशा कामगाराने आपला जुना विमा क्रमांक जपून ठेवावा आणि शाखा कार्यालयात जाऊन या निर्णयाचा हवाला देऊन विचारावे. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्यात वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते किती धरायचे यावर मर्यादेच्या आत की बाहेर हे ठरते, म्हणून पगारपत्रक या नजरेने पुन्हा वाचायला हवे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत जो कामगार मर्यादेच्या काठावर आहे त्याच्यासाठी हा हिशेब ग्रॅच्युइटीइतकाच महत्त्वाचा आहे. कामगार संघटना ग्रॅच्युइटीसाठी जेवढ्या तावातावाने भांडतात तेवढ्या या १२० रुपयांच्या हक्कासाठी भांडताना दिसत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

केंद्र सरकारच्या सेवेतल्यांचे चित्र बरेच उजवे आहे. त्यांची सीजीएचएस ही आरोग्य योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर या शहरांत तिचे दवाखाने फार पूर्वीपासून आहेत. निवृत्ताने शेवटच्या वेतनस्तराप्रमाणे वर्गणी भरायची : पहिल्या पाच स्तरांना महिना २५० रुपये, सहाव्याला ४५०, सातव्या ते अकराव्याला ६५० आणि त्यापुढे १,०००. वर्षावर्षाने भरता येते किंवा दहा वर्षांची एकदम भरून आजन्म कार्ड घेता येते. सातव्या स्तरावरून निवृत्त झालेल्यासाठी ते ७८,००० रुपये होतात. निवृत्तीची रक्कम हातात आली त्या महिन्यात एवढे पैसे वेगळे काढणे जड जात नाही. चार वर्षांनी, मुलीचे लग्न आणि घराची दुरुस्ती उरकल्यावर, नक्कीच जड जाते. खरा पेच पडतो तो निवृत्तीनंतर गावी परतणाऱ्यांना. मुंबईत पोस्टात नोकरी केली, निवृत्तीनंतर कणकवलीला घर बांधले. तिथे जवळपास सीजीएचएसचा दवाखाना नाही. अशांना बाह्यरुग्ण उपचारांसाठी महिना १,००० रुपयांचा निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो. बरेच जण तो घेतात आणि सीजीएचएसचा विषय तिथेच संपला असे समजतात. तो संपत नाही. दवाखान्याच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या निवृत्ताला भत्ता घेऊनही वर्गणी भरून फक्त रुग्णालयात दाखल होण्यापुरते सीजीएचएस कार्ड ठेवता येते. गोळ्यांना भत्ता आणि खाटेला कार्ड, असे दोन्ही हातात राहते. रेल्वेत निवृत्तांसाठी एकदाच रक्कम भरून भायखळ्यासारख्या रेल्वे रुग्णालयांचा लाभ चालू ठेवायची योजना आहे, आणि माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस आहे. राज्य शासनाच्या निवृत्तांना मात्र सीजीएचएससारखे स्वतःचे दवाखाने नाहीत. त्यांनी निवृत्तांच्या गट विम्याची चौकशी सेवेत असतानाच आस्थापना शाखेत करून ठेवावी.

इथे एक आक्षेप येतोच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ईएसआयचा किंवा सीजीएचएसचा दवाखाना म्हणजे रांगा, ‘औषध शिल्लक नाही’ असा शिक्का, मोठ्या रुग्णालयात पाठवण्यासाठी चिठ्ठीच्या फेऱ्या. त्यापेक्षा चांगला मेडिक्लेम बरा, असे अनेक सुशिक्षित कुटुंबांचे म्हणणे असते. रांगा आहेत, औषधांचा तुटवडाही पडतो. पण मेडिक्लेमशी तुलना करताना तराजूत दोन्हीकडे सारखी वस्तू टाकायला हवी. मेडिक्लेमची साधी पॉलिसी बीपीची रोजची गोळी देत नाही. तीही खाटेचाच विमा आहे. तिचा हप्ता वयाबरोबर चढत जातो. विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करण्याआधी आपल्याशी सल्लामसलत करा, असे कंपन्यांना बजावले. सल्लामसलतीची गरज न पडता होणारी वाढ, म्हणजे दहा टक्क्यांची, धरली तरी सात-आठ वर्षांत हप्ता दुप्पट होतो. पेन्शन त्या वेगाने वाढत नाही, आणि कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनीत तर महागाई भत्ताच नसतो. त्या पेन्शनीची किमान रक्कम २०१४ पासून हजार रुपये आहे. म्हणूनच या पेन्शनरांच्या आंदोलनांत पेन्शनवाढीच्या जोडीला पती-पत्नीच्या मोफत उपचारांची मागणी असते, आणि ती पूर्णपणे रास्त आहे. ज्याला परवडते त्याने मेडिक्लेम जरूर ठेवावा. पण मेडिक्लेम आहे म्हणून सरकारी हक्क सोडून देणे हा सौदा मला तोट्याचाच दिसतो, कारण मेडिक्लेमचा हप्ता एक वर्ष चुकला तर तो जातो आणि सोडलेला हक्क परत मिळवणे सोपे नसते. दोन्ही एकत्र ठेवायला मनाईही नाही. ईएसआय किंवा खासगी पॉलिसी असलेल्यांना सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्डही घेता येते. सीजीएचएस आणि ईसीएचएसवाल्यांना मात्र आपली योजना आणि आयुष्मान यांतून एकच निवडावी लागते. त्यांच्यापुढे पर्याय आला तर काय निवडावे याबद्दल मला शंका नाही. ज्यात औषधे मिळतात ते सोडू नये.

ज्यांच्याकडे नोकरीतून आलेला यांतला कुठलाच हक्क नाही त्यांचे काय? खासगी कंपनीत ईएसआयच्या मर्यादेवरचा पगार, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती, आणि सत्तरीला बारा वर्षे बाकी. मध्यमवर्गीय घरांत ही बारा वर्षे सगळ्यांत धोक्याची. देशाच्या बहुतेक भागांत या वयाच्या, गरीब ठरलेल्या यादीत नसलेल्या माणसासाठी सरकारी विमा नाही. महाराष्ट्रात मात्र आहे, आणि तो आहे हेच अनेकांना माहीत नाही. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे कवच दीड लाखावरून पाच लाखांवर गेले आणि पिवळ्या-केशरीसोबत पांढऱ्या रेशनकार्डाची कुटुंबेही तिच्यात आली. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी आहे. पांढरे कार्ड म्हणजे कुठल्याच योजनेत नाव नाही, या समजावर ज्यांची आयुष्ये गेली त्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना पाच वर्षांहून अधिक काळच्या रहिवाशांना, उत्पन्नाची अट न घालता, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे कवच देते. अर्थात या दोन्ही योजना खाटेच्या. उपचारांची ठरलेली यादी, ठरलेली रुग्णालये, त्यापलीकडे काही नाही.

या योजनांवरचा जुना आक्षेप असा, की नावाजलेली खासगी रुग्णालये त्यांत नसतात, असली तर टाळाटाळ करतात, खाट नाही म्हणतात, वरचे पैसे मागतात. सरकारी दर परवडत नाहीत ही रुग्णालयांची तक्रार जुनीच आहे आणि देयके थकल्याच्या तक्रारीही खऱ्या आहेत. कारभारातही ढिलाई आहे : ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात आयुष्मान योजनेतले सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले. पण यातून निष्कर्ष निघतो तो योजना निरुपयोगी असल्याचा नाही. रुग्णालय आधी पाहून ठेवण्याचा निघतो. आपल्या तालुक्यापासून तासाभराच्या अंतरावर योजनेतले कोणते रुग्णालय हृदयविकारासाठी आहे, कोणते हाडांसाठी, कोणते डायलिसिससाठी, हे तब्येत धडधाकट असताना जाऊन विचारता येते. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते; त्याचे कामच हे आहे. रात्री दोन वाजता रिक्षात बसल्यावर ही चौकशी होत नाही, आणि मग जवळच्या पहिल्या रुग्णालयात अनामत भरून दाखल व्हावे लागते. तिथून पुढे योजनेत घ्या म्हणणे फार अवघड असते.

राहिली गोळी. नोकरीतून हक्क नसलेल्यांसाठी महाराष्ट्रात त्याचे अर्धे उत्तर आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार विनामूल्य आहेत. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात, आणि जिथे मिळत नाहीत तिथे जनऔषधी केंद्रात त्याच औषधाची किंमत ब्रँडच्या तुलनेत निम्म्याहून कमी असते. पन्नास-साठ हजार पगार घेतलेल्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर बसायचा संकोच वाटतो. तो संकोच दरमहा औषधांच्या दुकानात किती रुपयांना पडतो, हे वर्षाच्या बिलांची बेरीज करून एकदा पाहावे.

कंपनीचा गट विमा असलेल्यांनी शेवटच्या वर्षात एक काम चुकवू नये. नोकरी संपली की गट विमा संपतो, पण त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागण्याचा हक्क असतो आणि गट विम्यात काढलेली वर्षे जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकाळात मोजली जातात. २०२४ च्या नियमांनी हा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी नव्याने पॉलिसी घेणाऱ्याला मधुमेहाशी निगडित उपचारांसाठी एकसष्टीपर्यंत थांबावे लागू शकते, आणि स्थलांतर केलेल्याला तेवढे थांबावे लागत नाही. हा अर्ज गट विमा चालू असताना करायचा असतो. निरोपसमारंभानंतर नव्हे.

या सगळ्या हिशेबात जिचे नाव मागे पडते ती पत्नी. सत्तरीचे कार्ड व्यक्तीच्या वयावर आहे. नवरा एकाहत्तर, बायको चौसष्ट, हे आपल्याकडचे नेहमीचेच अंतर; त्याच्या कार्डात ती बसत नाही आणि तिच्या सत्तरीला सहा वर्षे बाकी असतात. दोघेही सत्तरीपुढचे झाले की पाच लाख दोघांत वाटून घ्यायचे. उलट ईएसआयच्या १२० रुपयांत ती पहिल्या दिवसापासून असते आणि त्याच्या मागेही वर्गणी भरून तिला लाभ चालू ठेवता येतो. सीजीएचएसमध्येही कुटुंब निवृत्तिवेतनधारक म्हणून तिचा हक्क राहतो. त्यासाठी तिचे नाव, जन्मतारीख आणि फोटो सेवापुस्तकात, पीपीओवर, ईएसआयच्या नोंदीत आणि रेशनकार्डावर एकसारखे हवे. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर, आणि आधारवर जन्मतारीख अंदाजे टाकलेली, अशी स्थिती त्या पिढीतल्या पुष्कळ स्त्रियांची आहे. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून शाळेचा दाखला शोधून ती नीट करायची तर नवऱ्याची नोकरी चालू असताना, कार्यालयातून शिक्के आणि सह्या सहज मिळतात तोवर करून घ्यावी.